जात्यावरच्या ओव्या जपायच्या तर: डोंगरी गावात ध्वनिमुद्रणापासून साठवणीपर्यंत

मुळशी, मावळ, भोरच्या डोंगरपट्ट्यात पिठाची गिरणी पोचली तसं घरातलं जातं मागच्या पडवीत गेलं. ओव्या मात्र त्याबरोबर लगेच गेल्या नाहीत. पहाटे उठून दळलेल्या बायांना त्या आजही तोंडपाठ आहेत, पण यातल्या बहुतेकींनी साठी-सत्तरी ओलांडली आहे. काम करायचं असेल तर याच काही वर्षांत.

या भागात मोठं काम आधी झालेलं आहे, ते माहीत करून घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी मुळशीच्या गावांपासून सुरुवात करून पुढे महाराष्ट्रभरातून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. संगीताचे अभ्यासक बर्नार्ड बेल यांनी १९९० च्या दशकात त्यातल्या अनेक गायिकांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. २०१७ पासून ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर या ओव्या आवाज, शब्द आणि गायिकेच्या नावासह येत आहेत. आपल्या गावातून कोणी गायलं होतं का, हे तिथे आधी शोधा. गायलं असेल तर त्याच बाईकडे किंवा तिच्या लेकी-सुनांकडे जा. तीस वर्षांनी तीच ओवी कशी बदलली, हे कळणं फार मोलाचं असतं.

त्या कामातून घ्यायची मुख्य गोष्ट एकच. ओवीचे शब्द गेली शंभर वर्षं लोक वहीत उतरवून छापत आले, पण अनेक संग्रहांत ती कोणी गायली, कोणत्या गावात आणि कोणत्या चालीवर, याचा पत्ताच नाही. बाया चालीला ‘गळा’ म्हणतात. गळा आणि गाणारीचं नाव गेलं की हातात अर्धीच ओवी उरते. पुढची सगळी पद्धत ही दोन्ही अंगं सांभाळण्यासाठी आहे.

कोणाकडे आणि कधी जायचं

जून ते सप्टेंबर या डोंगरात ध्वनिमुद्रण करू नका. पत्र्यावरच्या पावसात शब्द ऐकू येत नाहीत आणि बाया भातलावणीत असतात. कार्तिकात कापणी-झोडणी चालते. मार्गशीर्ष ते फाल्गुन हा काळ उत्तम. पुढे लग्नसराई लागते. तेव्हा निवांत बसायला कोणाला वेळ नसतो, पण हळद दळायला जातं बाहेर निघतं, त्यामुळे हळदीचा एखादा प्रसंग जरूर गाठा.

गायिका शोधताना सरपंच किंवा शाळेपासून सुरुवात केली तर भजनी मंडळातल्या, चारचौघांत बोलणाऱ्या बायाच पुढे येतात. बचत गटाच्या बैठकीत जा आणि विचारा, ‘तुमच्यात दळताना सगळ्यात जास्त कोण गायचं?’ नावं तिथे कळतात. गावठाणाबाहेरच्या वाड्या-वस्त्या, बौद्धवाडी, धनगरवाडा, कातकरी वस्ती यांना वेगळी भेट द्या. बोलावलं म्हणून देवळात सगळ्या येतीलच असं नाही, आणि प्रत्येक वस्तीच्या ओव्यांचे विषय वेगळे असतात. बौद्ध बायांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या गावठाणातल्या देवळात बसून मिळणार नाहीत.

पहिल्या भेटीत यंत्र काढू नका. बोला, ऐका, दुसऱ्या भेटीचा दिवस ठरवा.

परवानगी

कागदावर सही किंवा अंगठा घेऊन हे काम होत नाही. चार प्रश्न वेगवेगळे विचारायचे आणि उत्तरं आवाजातच मुद्रित करायची: आवाज साठवून ठेवू का? अभ्यासकांना ऐकवू का? इंटरनेटवर टाकू का? नाव लावू का, आणि कोणतं? एखादी बाई पहिल्या दोनला हो म्हणेल आणि तिसऱ्याला नाही. ते तसंच नोंदवा आणि पाळा.

ओवीत सासू, नणंद, नवरा यांच्याबद्दल उघड बोललेलं असतं. गाताना ते सहज येतं, पण चार दिवसांनी लेकाच्या मोबाईलवर ऐकू आलं की घरात तिला त्रास होतो. शिवाय ओवीत मुलाचं, भावाचं खरं नाव गुंफायची रीत आहे. म्हणून बैठक संपल्यावर तिला सगळं ऐकवा आणि ‘यातलं काय बाहेर द्यायचं नाही?’ असं पुन्हा विचारा. ही दुसरी विचारणा पहिलीपेक्षा महत्त्वाची, कारण आपण काय गायलं हे तिला आता माहीत असतं.

कायद्यानेही तिचा हक्क आहे. कॉपीराईट कायदा, १९५७ च्या कलम ३८ प्रमाणे सादर करणाऱ्या कलावंताला आपल्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क असतो. पारंपरिक गाणं कोणाच्याच मालकीचं नाही, असं म्हणून गाणारीचा हक्क संपत नाही.

मानधन बैठकीवर द्या, ओवीवर देऊ नका. ओवीमागे पैसे ठरले की संख्या वाढवण्यासाठी त्याच ओव्या फिरून येतात आणि बायांमध्ये वाद लागतात. गावात चालू असलेली दिवसाची मजुरी हा किमान आकडा धरा, आणि नुसती साथ करणाऱ्या बाईलाही तेवढेच द्या.

जातं चालतं करणं

जात्याशिवाय गायलेली ओवी आणि दळताना गायलेली ओवी यांत फरक पडतो. जातं ओढण्याच्या लयीवर श्वास बसतो आणि त्या श्वासावर ओळ तुटते. म्हणून जातं फिरतं हवं.

पडून राहिलेलं जातं आधी तपासा. वरचा दगड उचलून दोन्ही पृष्ठभाग पाहा. हाताला गुळगुळीत लागले तर टाकी लावून, म्हणजे छिन्नीने टाचून खडबडीत करून, घ्यावी लागेल. हे काम येणारा माणूस गावात नसेल तर आठवडे बाजारात चौकशी करा. मधली खुंटी झिजून दगड डगमगत असेल तर ती नवी बसवा, नाहीतर प्रत्येक फेऱ्याला ठक्-ठक् आवाज येतो आणि तोच मुद्रणात सगळ्यात ठळक ऐकू येतो. हातात धरायचा खुंटा सैल असेल तर तो करकरतो. त्याच्या भोकात कापडाची पट्टी घालून ठोकून बसवा.

टाकी लावल्यावर किंवा बऱ्याच वर्षांनी जातं काढल्यावर आधी अर्धा किलो कण्या दळून ते पीठ टाकून द्या. त्यात दगडाची कच असते. मग बैठकीसाठी किलो-दीड किलो ज्वारी, नाचणी किंवा तांदूळ ठेवा. रिकामं जातं फिरवायला लावू नका. दगडावर दगड घासून कर्कश आवाज येतो आणि कच सुटते. वैरण, म्हणजे जात्यात घालायची धान्याची मूठ, मोठी घातली तर वरचा दगड उचलला जातो, भरडा पडतो आणि ओढायला जड जातं. मग गाणारीचा श्वास लागतो. बायांना हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं. मुद्रणाच्या घाईत मुठी भराभर घातल्या जाऊ नयेत, एवढंच बघा.

गुडघे दुखणाऱ्या आजींना जमिनीवर बसवायचा आग्रह धरू नका. सुनेने किंवा शेजारणीने जातं ओढावं आणि आजींनी शेजारी पाटावर बसून गावं. दोघींनी मिळून गाणं ही तर जुनीच रीत: एकीने ओळ धरायची, दुसरीने उचलायची.

ध्वनिमुद्रण

स्वतंत्र ध्वनिमुद्रक असेल तर उत्तम. नसेल तर मोबाईलही चालेल, पण त्यातलं नेहमीचं रेकॉर्डर ॲप आवाज दाबून साठवतं आणि पातळी आपोआप वरखाली करतं. जातं ओढण्याचा जोर वाढला की गळा दबलेला ऐकू येतो, तो यामुळे. ‘वेव्ह’ स्वरूपात मुद्रण करणारं आणि आपोआप पातळी बंद करता येणारं ॲप घ्या. मोबाईल विमान मोडवर टाका.

मांडणी अशी ठेवा:

१. वेव्ह फाईल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एका माईकने तासाला सुमारे ५२० एमबी, दोन माईकने सुमारे १ जीबी जागा लागते.

२. पातळी अशी लावा की सगळ्यात चढा स्वर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. शून्याला टेकला की आवाज फाटतो आणि तो मागाहून दुरुस्त होत नाही. तिला आधी दोन ओव्या म्हणायला सांगून पातळी लावा आणि त्यापुढे थोडी जागा सोडा, कारण रंगात आल्यावर आवाज चढतोच.

३. एकाच दिशेने ऐकणारा माईक घ्या. तो तिच्या समोर, हनुवटीच्या किंचित खाली, ४० ते ५० सेंटिमीटरवर ठेवा आणि तोंडाकडे वर रोखा. म्हणजे माईकची पाठ खाली जात्याकडे येते आणि घरघर आपोआप कमी होते. वरून खाली रोखलेला माईक तोंड आणि जातं दोन्ही सारखंच घेतो.

४. स्टँडच्या पायांखाली घडी घातलेली गोधडी ठेवा. जात्याची थरथर जमिनीतून माईकपर्यंत जाते आणि ती कानाला कळण्याआधी यंत्राला कळते.

५. हेडफोन लावूनच मुद्रण करा.

कॉलरचा माईक साडीवर लावायचा मोह होतो. ओढताना बाई पुढेमागे झुलते, पदर घासतो, काकणं वाजतात. अगदीच गरज असेल तर ज्या हाताने ती ओढत नाही त्या खांद्यावर लावा. काकणं काढायला सांगू नका, ते अपमानाचं वाटतं.

शेणाने सारवलेली जमीन आणि कुडाच्या भिंती ध्वनीला फार चांगल्या. सिमेंटच्या नव्या खोलीत आवाज घुमतो. तिथे दोन भिंतींवर जाड गोधड्या टांगा. फ्रीज, पंखा, टीव्ही बंद करा आणि फ्रीज पुन्हा चालू करायला विसरू नये म्हणून गाडीची किल्ली त्यात ठेवा. कोंबडे आणि गुरांचे आवाज आले तर येऊ द्या.

प्रत्येक गायिकेची दोन मुद्रणं करा: एक जात्यावर, गळा आणि लयीसाठी, दुसरं जातं थांबवून, त्याच ओव्या सावकाश, शब्दांसाठी. दुसऱ्या वेळी काही शब्द बदलतील. ते चुकलं असं समजू नका, दोन्ही ठेवा. यंत्रातला घरघर कापणारा फिल्टर मूळ मुद्रणात लावू नका. तो प्रतीवर नंतर लावता येतो, पण मुळात एकदा कापलेलं परत येत नाही.

बैठक कशी चालवायची

मुद्रण चालू केल्यावर आधी स्वतः बोला: तारीख, गाव, वाडी, तालुका, बसलेल्या सगळ्यांची नावं. पुढे कागद हरवला तरी हे आवाजातच राहतं. मग अर्धा मिनिट सगळे गप्प. या शांततेचा उपयोग नंतर आवाज स्वच्छ करताना होतो.

‘आता ओव्या म्हणा’ म्हटलं की बाई बुजते. नुसतं दळायला बसवा, पाच-सात मिनिटं जातं फिरू द्या. बहुतेक वेळा ‘पहिली माझी ओवी’ म्हणत देवादिकांच्या ओव्यांनी सुरुवात होते, मग ती आपोआप माहेराकडे वळते. अडली तर विषय द्या: भाऊ, लेक, पंढरपूर, सीता, दुष्काळ, सासर. छापलेली ओवी वाचून ‘ही येते का?’ असं विचारू नका. येत नसली तरी ती मान राखायला म्हणेल आणि नोंदीत उसनी ओवी तिच्या नावावर जाईल.

वीस मिनिटं गाणं, दहा मिनिटं विसावा. चहा, कोमट पाणी. त्या विसाव्यात मुद्रण चालू ठेवलं तर (हेही आधी सांगून) ‘ही माझ्या आत्याची ओवी’, ‘ही आम्ही बांधावर बसून जुळवली’ असली बोलणी मिळतात. ती पुढे कोणत्याही प्रश्नावलीतून मिळत नाहीत. गळा बदलला की विचारा. एकीला दोन-तीन गळे येतात, आणि कोणता गळा माहेरचा, कोणता सासरी आल्यावर शिकला, हे ती नेमकं सांगते.

नोंद

त्याच रात्री नोंद लिहा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. प्रत्येक गायिकेसाठी: लग्नानंतरचं पूर्ण नाव, माहेरचं नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव, अंदाजे वय, कोणाकडून शिकली, शेवटचं जात्यावर कधी दळलं. माहेरचं गाव सुटलं की ओवीचा माग सुटतो. डोंगरातल्या सोयरिकी घाटमाथ्यावरून कोकणात उतरतात, त्यांच्याबरोबर गळेही उतरले. जातीची नोंद अभ्यासाला लागते, पण ती गायिकेने सांगितली तरच, आणि फक्त बंद नोंदवहीत.

फाईलचं नाव रोमन अक्षरांत ठेवा. देवनागरी नावं जुन्या यंत्रांत आणि दाबलेल्या (झिप) फोल्डरांत बिघडतात. क्रम असा: वर्ष-महिना-दिवस, गाव, गायिका क्रमांक, तुकडा क्रमांक. नावात गायिकेचं नाव घालू नका, नाहीतर तिची इच्छा नसताना ते फाईलबरोबर फिरतं. तक्ता एक्सेलमध्ये केलात तर साठवताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा. साध्या सीएसव्हीत मराठीची प्रश्नचिन्हं होतात.

प्रत्येक ओवीला स्वतःचा क्रमांक. तीच ओवी दुसऱ्या बाईने गायली तर तिला नवा क्रमांक द्या आणि शेरा मारा, ‘अमुक क्रमांकाशी जवळची’. ‘आधी आली आहे’ म्हणून वगळणं ही या कामातली सगळ्यात महागडी चूक. शब्दाशब्दाने बदलत जाणं हाच ओवीचा प्रवास आहे.

लिहून काढणं

एका तासाच्या मुद्रणाला सहा ते आठ तास धरून चाला. युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर वाचता येत नाही.

प्रत्येक ओवी दोनदा लिहायची: एकदा नेटकी, एकदा गायली तशी. पद्धत दाखवण्यापुरती रचलेली ही ओवी पाहा.

नेटकी:
दिवस उगवला डोंगराच्या खिंडीतून
भाऊ गं माझा आला पायवाट तुडवून

गायली तशी:
दिवस उगवला गं बाई, दिवस उगवला
डोंगराच्या, डोंगराच्या खिंडीतून
भाऊ गं माझा आला, सांगते बाई तुला
पायवाट, पायवाट तुडवून

दुसऱ्या रूपातले ‘गं बाई’, ‘सांगते बाई तुला’ हे भरीचे शब्द वाटतात, पण गळा त्यांवरच बसलेला असतो. ते गाळले की चाल पुन्हा बांधता येत नाही.

बोली सुधारू नका. ती ‘पानी’ म्हणाली तर ‘पानी’, ‘न्हाई’ म्हणाली तर ‘न्हाई’. शुद्ध रूप हवं असेल तर वेगळा स्तंभ करा. जे कळत नाही तिथे अंदाज न करता [अस्पष्ट] लिहून मिनिट-सेकंद द्या. मग गायिकेकडे जाऊन वाचून दाखवा. शेतीची, दागिन्यांची, भाताच्या जुन्या वाणांची नावं नेमकी इथेच दुरुस्त होतात. तरुण टंकलेखकाला ती माहीत नसतात आणि तो जवळचा ओळखीचा शब्द घालून मोकळा होतो.

जुन्या कॅसेटी

घराघरांत लग्नाच्या, हळदीच्या कॅसेटी पडलेल्या असतात. सापडली की आधी वरच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडा, म्हणजे चुकून त्यावर मुद्रण होणार नाही. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर प्लेअरमध्ये घालू नका. बुरशी हेडला लागून पुढची प्रत्येक कॅसेट खराब करते. ती वेगळ्या पिशवीत ठेवून जाणकाराकडे द्या. चांगली असेल तर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, फीत एकदा पुढे आणि एकदा मागे पूर्ण फिरवा, मगच वाजवा. पहिल्या वाजवणीतच संगणकात घ्या, दुसरी वेळ मिळेलच असं नाही.

साठवण

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक गावाबाहेर. पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड ही नेण्या-आणण्याची साधनं आहेत, साठवणीची नव्हेत. या डोंगरात पावसाचे चार महिने हवा ओली असते, त्यामुळे हार्ड डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पुड्या पावसाआधी बदला. वर्षातून दोनदा डिस्क चालवून पाहा. प्रत्येक फाईलचं चेकसम, म्हणजे फाईलमधल्या मजकुरावरून संगणकाने काढलेली ओळखखूण, काढून तक्त्यात ठेवा. दोन वर्षांनी पुन्हा काढलेलं चेकसम जुळलं नाही तर फाईल बिघडली आहे, तेव्हा दुसरी प्रत पुढे करा.

मूळ वेव्ह फाईल व्हॉट्सॲपवर आवाज म्हणून पाठवू नका, ती दाबली जाते. पाठवायचीच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून.

एक प्रत संस्थेकडे जावी. १९८२ साली स्थापन झालेलं आणि आता गुरुग्राममध्ये असलेलं लोक व पारंपरिक संगीताचं अभिलेखागार, म्हणजे ‘आर्स’ (आर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथनोम्युझिकॉलॉजी, ARCE), असे संग्रह सांभाळतं. देताना कोणती ओवी कोणाला ऐकवायची, हा परवानगीचा तक्ता सोबत द्या. तो नसेल तर तुम्ही दिलेले शब्द तिथे कोणी पाळू शकत नाही.

गावात परत

गायिकेच्या घरी तिच्या आवाजाची प्रत गेलीच पाहिजे, महिन्याभरात. बऱ्याच आजींकडे बटणांचा मोबाईल असतो. त्यासाठी एमपी३ करून, छोट्या मेमरी कार्डात, प्रत्येक ओवीचा वेगळा तुकडा पाडून द्या. तासाभराची एक फाईल दिली तर हवी ती ओवी शोधता येत नाही आणि कार्ड पडून राहतं. घरात कोणी वाचणारं असेल तर ओव्यांची मोठ्या अक्षरांतली छापील पुस्तिकाही द्या, वरती तिचं नाव.

पुढच्या पिढीला शिकवायचं तर शाळेच्या रंगमंचावरून सुरुवात करू नका. तिथे ओवी पाठ करून टाळ्यांसाठी म्हटली जाते, गळा एकसारखा होतो आणि हातात जातं नसतं. हळद दळण्याचा विधी घरोघरी अजून टिकून आहे. गावात लग्न ठरलं की आठवडाभर आधी त्या घरी दोन जुन्या गायिका आणि चार-पाच तरुण सुना-लेकींना रोज संध्याकाळी अर्धा तास जात्यावर बसवा. आधी आजीची ओळ, मग मुलींची उचल. पहिले दोन दिवस फक्त ओढणं आणि गळा, शब्द नंतर. आठव्या दिवशी हळदीला त्याच मुली खुंट्याला हात लावतात. वरमाईचं, नवरीच्या भावाचं नाव घालून एखादी नवी ओवी जुळली तर ती त्याच रात्री नोंदवहीत नव्या क्रमांकाने घ्या.